पट्टीखालचं नाव

चार टोकांपैकी तिसरं टोक पावणेदोन मिलिमीटर जास्त खाली उतरलं होतं. नुसत्या नजरेला ते कळत नव्हतं. स्नूकरच्या क्यूचं फिकट ॲश लाकूड मुठीजवळच्या काळ्या आबनुसात चार निमुळत्या टोकांनी उतरतं. बघणारा त्या नक्षीवर खूश होतो, टोकांची लांबी मोजत बसत नाही. क्यू बनवणाऱ्या मिस्त्रीच्या लेकीने मोजली होती. चार महिन्यांपूर्वी, ही क्यू याच टेबलावरून गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी, व्हर्नियर लावून, दोनदा.

आता ती परत त्याच टेबलावर होती. बुडाशी, जिथे करणाऱ्याच्या नावाची पितळी चकती असते, तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली.

“नाव मी सांगणार नाही,” क्लबात गुण मांडणारा मार्कर म्हणाला. “आमचे दोन मेंबर हमरीतुमरीवर आलेत. एक म्हणतो अस्सल, दुसरा म्हणतो नकली. म्हटलं, नाव झाकून मिस्त्रींसमोर ठेवू. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.”

“पूर्व दिशेचं नंतर बघू. आधी खिडकीतून बाजूला हो, उजेड अडवतोयस.”

मार्कर सरकला. मिस्त्रीने क्यू टेबलावर लोटली. ती आवाज न करता घरंगळत गेली. मग एक डोळा मिटून त्याने दांड्याच्या टोकापासून बुडापर्यंत नजर नेली. बूड तळहातावर दोनदा आपटलं आणि दांडा कानाशी धरला.

“सरळ आहे. आणि लाकूड तर पंधरा वर्षं तरी वाळलेलं असणार. या रेषा बघ, बाणांसारख्या, एकामागे एक. हल्ली असलं लाकूड औषधालाही मिळत नाही.”

“म्हणजे भारीतली आहे?”

“कापड भारी म्हणालो. शिंप्याबद्दल अजून काही बोललोय का?”

मार्कर हसला. लेक डिंकाच्या फळीपाशी उभी होती, ती हसली नाही.

मिस्त्रीने अंगठ्याचं नख सांध्यावर ठेवलं. दुसऱ्याची क्यू तो नखाने तपासायचा; स्वतःची मऊ फडक्याने पुसायचा. नख सांध्यावरून चाललं, अडखळलं, पुन्हा चाललं. जवळजवळ दर सेंटिमीटरला एकदा.

“हात थरथरतोय याचा,” तो म्हणाला. “टोकं खालीवर, सांध्यात लहरी. मशीनचं काम नाही, हाताचंच आहे. पण तो हात आता राहिलेला नाही.”

“खेळायला चालेल ना पण, बाबा?” लेकीने विचारलं.

“खेळायला काय, खुर्चीचा पायही चालेल.” त्याने क्यू खाली ठेवली. “असल्या लाकडाची माती केली. आणि काय रे, या माणसाच्या घरात कोणी नाही का? कोणी सांगू नये त्याला?”

लेकीने डिंकाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

“मी तरी काय म्हणत होतो!” मार्करने टेबलावर थाप मारली. “ही मिस्त्रींच्या हातची असूच शकत नाही. तुमचं नाव ठोकून विकलीय कोणीतरी.” बोलता बोलता त्याने चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवलं.

“राहू दे ती पट्टी,” लेक पुढे झाली. पण पट्टी निघाली होती.

मिस्त्रीने चकतीवरून बोट फिरवलं. नाव त्याचंच होतं, चकतीही खरी होती. त्या चकत्या कपाटात कुलपात असत. किल्ल्या दोनच होत्या, एक त्याच्याकडे, एक लेकीकडे.

“कुठून घेतली त्या मेंबरने?”

“तो म्हणतो...” मार्करचा आवाज एकदम उतरला. “तो म्हणतो, इथूनच. म्हणून तर भांडण.”

बाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. मिस्त्रीने मान वळवून लेकीकडे बघितलं.

“तू केलीस?”

तिने सुटलेली पट्टी बोटाला गुंडाळली.

“मी दुपारी आडवा होतो, तेव्हा शिकत होतीस ना?” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो जवळजवळ हसत होता. “अगं, मी रागावणार नाही. पहिली क्यू सगळ्यांची अशीच होते. माझी तर याहून वाईट होती. शिकवीन मी तुला. नुसतं हो म्हण.”

नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. मार्कर आपल्या बुटांकडे बघत राहिला. मिस्त्रीने क्यू पुन्हा हातात घेतली होती आणि तिच्या टोकाची पितळी टोपी टेबलाच्या कडेवर बारीक वाजत होती. सेकंदाला चार-पाच वेळा, एकसारखी. त्याला ते ऐकू येत नव्हतं.

चार महिने ती एक वाक्य रोज सकाळी जुळवत होती आणि रोज चहाच्या घोटाबरोबर गिळत होती.

“नाही बाबा,” ती म्हणाली. “ही तुमचीच आहे. आता तुम्ही रंधा हातात घ्यायचा नाही.”