सरपंचांची झोप

"दोन तास दहा मिनिटं," विजयसिंहाने घड्याळातला आकडा भर ग्रामसभेत वाचून दाखवला. "त्यातली पन्नास मिनिटं गाढ. आप्पा, करा सही."

सही राजीनाम्यावर करायची होती. सरपंच आप्पाराव ग्रामसभेत झोपतात, ही तक्रार जुनी. सभा सुरू झाली की ते हात पोटावर घेत, डोळे मिटत आणि थेट आभाराच्या वेळी उघडत. या खेपेला विरोधातल्या विजयसिंहाने स्वतःच्या मनगटावरचे झोप मोजणारे घड्याळ काढून सगळ्यांसमोर त्यांना बांधले होते. झोप निघाली तर खुर्ची सोडायची, असे ठरले. आप्पारावांनी हसत मान डोलावली होती. आपण झोपत नाही हे त्यांना पक्के माहीत होते.

आणि खरोखरच ते झोपले नव्हते. दचकून जागे झाले असे कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी कानावरची माशीसुद्धा हाकलली नाही. माशीचा मात्र तिथेच डोळा लागला, असे शेजारचे सदस्य अजून सांगतात.

पण घड्याळाचे गणित सरळ. हात हलत नाही, नाडी संथ चालते, म्हणजे माणूस झोपला. बिछान्यावरच्या माणसाला ते बरेचसे लागू पडते. खुर्चीवरच्या माणसाचा विचार ते बनवणाऱ्याने केलेला नव्हता.

"येडं हाय तुझं घड्याळ!" आप्पाराव उठून उभे राहिले. "डोळे मिटल्याबिगर मला नीट ऐकू येत न्हाई. इचार, कोण काय बोललं!"

विजयसिंहाने विचारले. आप्पारावांनी सांगितले. शाळेमागची विजेची डीपी कितव्यांदा जळाली, अंगणवाडीवरचे पत्रे कोणत्या वाऱ्यात उडाले, स्मशानाच्या वाटेबद्दल कोण बोलले आणि बोलताना किती वेळा खोकले. सभा चाट पडली. आप्पारावांना चेव आला. आजच्या सभेवरून ते मागच्या पंधरा ऑगस्टवर गेले, तिथून एक मेवर, तिथून पार निवडून आले त्या सालात. गावाने चार वर्षांत केलेली एकूण एक तक्रार त्यांनी तारीखवार म्हणून दाखवली. ग्रामसेवकाने इतिवृत्त उघडून ताडून पाहिले, तर इतिवृत्तातच तीन तक्रारी कमी भरल्या.

टाळ्या पडल्या. विजयसिंहाने घड्याळ सोडून घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि राजीनाम्याच्या कागदाची घडी घातली.

"हरलो, आप्पा. रोज सकाळी हे मला सांगतं, सात तास झोपलास. आन मी आपला दिवसभर खूश."

तेवढ्यात मागून छबुबाई उठल्या. त्यांच्या दारातली नाली चार वर्षे तुंबलेली होती.

"आप्पा, माजं काय व्हतं रे?"

"नाली," आप्पाराव क्षणात म्हणाले. "धा येळा बोललीस, मावशे. घाण पाणी चुलीपतूर येतंय म्हणलीस. मागच्या खेपेला खाली बसताना हळूच मला 'मुडद्या' बी म्हणलीस."

सभेत हशा पिकला. छबुबाई हसल्या नाहीत.

"आमी आपलं म्हणायचो, झोपतंय बिचारं, त्याला कुठं म्हाईत," त्या म्हणाल्या. "म्हंजी तुला समदं ऐकू येत व्हतं?"

हशा थांबला. सभा आप्पारावांकडे बघू लागली. मागच्या रांगेतले काही जण उभे राहिले. ज्याची त्याची तक्रार ज्याला त्याला आठवत होती.

आप्पारावांनी विजयसिंहापुढे हात केला.

"आण तो कागद," ते म्हणाले. "यंत्र कशापायी खोटं बोलंल रं? झोपलोच व्हतो मी."