हनुवटी धरायची खोड

ईशानच्या पाठीमागे खुळखुळा वाजला. मग घंटा. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून कर्कश शिट्टी. अडीच वर्षांचा ईशान ठोकळ्यावर ठोकळा रचत राहिला.

"खेळात रमला की असाच करतो," त्याची आई यशश्री घाईघाईने म्हणाली. "हाक मारली तरी बघत नाही. भारी हट्टी आहे."

कानाची तपासणी करणारी अनुषा यंत्राकडे वळली. तिने शिट्टीचा आवाज आणखी वाढवला. यशश्रीने स्वतःचे कान झाकून घेतले.

ईशान अजून एक शब्दही बोलला नव्हता, आणि त्याचं कारण घरात कधीच ठरून गेलं होतं. यशश्री बेंगळुरात मल्लेश्वरमच्या कॉलेजात बीए करत होती. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, तिन्ही एकदम. शहराच्या दुसऱ्या टोकाचं, सर्जापूर रोडवरचं घर गाठेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मग ईशानला मांडीवर समोरासमोर बसवून ती तोंडी परीक्षेचे शब्द घोटायची. ओठांचा चंबू करून, ओठ ताणून, जीभ दातांत धरून. तो टक लावून बघायचा. तोही चंबू करायचा. दोघं खिदळायची.

सासूबाई पुण्याहून आल्या आणि त्यांनी हे पाहिलं. "तीन-तीन परक्या भाषा आदळतायत पोराच्या कानावर! त्याने बोलायचं तरी कशात?"

तिच्या नवऱ्याने, सुहासने, लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "आईचं पटतंय मला. कॉलेज काय, नंतरही होईल."

शेवटचं वर्ष होतं. तिने नाव काढून घेतलं, पुस्तकं माळ्यावर टाकली. त्यानंतर चार महिने फक्त मराठी. कणीक मळताना, भाजी परतताना ती ईशानशी अखंड बोलायची. घसा बसेपर्यंत. ईशान बोलला तर नाहीच, वर एक खोड लागली. स्टुलावर चढून तिची हनुवटी धरायचा नि ओढायचा. "अरे, करपतंय ना!" म्हणून ती हात झटकायची. एकदा तर चापटही मारली.

अनुषाने यंत्र बंद केलं. ती बेंगळुरातच वाढलेली, मराठी घरातली; बोलण्यात कन्नड मिसळायची. "अक्का, स्वल्प बसा. त्याला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. बहुतेक जन्मापासूनच."

"म्हणजे... माझ्या भाषांमुळे नाही?"

"कुठलीच भाषा त्याने ऐकलेली नाही, अक्का." अनुषाने ईशानकडे पाहिलं. "पण एक विचारू? मी बोलले की हा सारखा माझ्या ओठांकडे बघतो. ओठ बघायला कुणी शिकवलं याला?"

यशश्रीला तोंडी परीक्षेचे ते चंबू आठवले. स्वयंपाकघरातला ओटा भिंतीला लागून होता. चार महिने ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती.

तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मांडीवर वजन आलं. दोन इवल्या हातांनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा फिरवला. ईशानने ओठांचा चंबू केला, आणि तिच्या ओठांकडे बघत थांबून राहिला.