दगडावरची दोन नावं

“काकू, तुम्ही बसा. गवत मी उपटतो,” असं म्हणत पाकसमने बाह्या वर केल्या.

लाऊ काकू उदबत्त्यांचा पुडा घेऊन बाजूला टेकल्या. पितरांचा दिवस. अख्खं ईपो शहर झाडू, संत्री आणि भाजलेलं डुक्कर घेऊन टेकडीवर लोटलं होतं. काकूंच्या नवऱ्याचं थडगं नवंकोरं, आणि आत लाऊ सर नव्हतेच. आत होता त्यांचा लांब झगा, चष्मा आणि लिहायचा कुंचला. सर जंगलात तापाने गेले, देह काही मिळाला नाही, असं काकूंनी गावाला सांगितलं आणि रीतीप्रमाणे कपडे पुरले.

वेनलान हायस्कूलचे लाऊ सर म्हणजे काय माणूस होता! सिंगापूरचा नावाजलेला सर्जन यीप, पिनांगचा संपादक फांग, सगळे त्यांच्याच छड्या खाऊन मोठे झालेले. पण सर इंग्रजांशी लढणाऱ्या जंगलवाल्यांना जाऊन मिळाले आणि शाळेने भिंतीवरचा त्यांचा फोटो लगेच उतरवला.

“कमिटी फोटो परत लावायला तयार आहे,” पाकसम म्हणाला. “मी भांड भांड भांडलो त्यांच्याशी.”

“जिवंत होते तेव्हा शाळेला जड झाले. मेल्यावर बरे चालतात भिंतीवर!”

“जाऊ द्या ना, काकू.”

यीपने फुलं पाठवली होती. फांगने तर तेवढंही केलं नाही. जंगलवाल्याच्या थडग्यापाशी दिसायला कोणाची छाती होणार? विद्यार्थ्यांपैकी आला तो एकटा पाकसम, तोही सरकारी नोकरीत असताना, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. या विचाराने काकूंना सारखं भरून येत होतं. पोटचा मुलगा असता तर याहून काय वेगळं केलं असतं?

दगडही त्यानेच बसवून घेतला होता. नवराबायको दोघांची नावं शेजारी शेजारी कोरलेली, पण रंग भरलेला नव्हता. पहिला हात घरच्या माणसाचा असू दे, असं पाकसमने पाथरवटाला बजावलं होतं म्हणे.

त्याने पिशवीतून दोन डब्या काढल्या. एक लाल, एक सोनेरी. जिवंताचं नाव लाल, गेलेल्याचं सोनेरी. ईपोतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

काकूंनी आपलं नाव लाल रंगवलं. झरझर, एकही रेघ न चुकता. मग दुसरा कुंचला सोनेरी डबीत बुडवला, सरांच्या नावापाशी नेला, आणि हात जो थांबला तो थांबलाच. रंगाचा थेंब दगडाच्या पायावर पडला.

“काकू?”

“ऊन लागलं रे. पुढच्या वर्षी रंगवू.”

“लोक बघतायत. नाव कोरं ठेवलं तर नाही नाही ते बोलतील.”

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. जिवंत माणसाचं नाव आपल्या हाताने सोनेरी करायचं? त्यापेक्षा त्याला विष दिलेलं काय वाईट?

“मला हे पाप करायला लावू नकोस, बाबा,” त्या पुटपुटल्या.

पाकसम त्यांच्याजवळ वाकला. मग अगदी हळू म्हणाला, “आहेत ना सर?”

त्यांनी होकारार्थी मान हलवली. “पण कुठे ते विचारू नकोस.”

“छे छे, मी कशाला विचारू?” त्याने त्यांच्या हातातला कुंचला अलगद काढून घेतला. “आणा इकडे. पाप माझ्या माथी.”

आणि त्याने सरांचं नाव सोनेरी रंगवलं. काकू तोंड फिरवून बसल्या होत्या. शेजारच्या थडग्यावरची मंडळी बघून घेत होती. झालं, आता पोलिसांनाही खात्री पटेल, शोध थांबेल, असं वाटून काकूंचा ऊर हलका झाला.

उदबत्त्या विझल्यावर पाकसमने नैवेद्याचा पत्र्याचा डबा त्यांच्या हातात दिला. “शेंगदाण्याची चिक्की. सरांना आवडते. घेऊन जा त्यांना.”

“कशी नेऊ? जंगलवाल्यांना पोचेल म्हणून नाक्यावर मूठभर भातसुद्धा बाहेर नेऊ देत नाहीत मेले.”

“नाक्यावरचा हवालदार आपल्या शाळेचा आहे. मी सांगून ठेवतो, कोणी हात लावणार नाही. कधी निघताय?”

“आज दुपारीच जाते. किती महिन्यांनी गोड खातील!” काकूंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला. “शंभर वर्षं जग रे. त्यांचे इतके विद्यार्थी, पण माणूस म्हणून तू एकच निघालास.”

पाकसम त्यांच्यापुढे तीनदा वाकला आणि पायऱ्या उतरू लागला. पायथ्याशी झाडाच्या सावलीत त्याची गाडी थांबली होती. मागच्या सीटवर एक गोरा अधिकारी घाम पुसत बसला होता.

“लाऊ जिवंत आहे, साहेब,” पाकसमने सॅल्यूट ठोकला. “बाई दुपारी डबा घेऊन निघेल. नाक्यावर तिला अडवू नका, फक्त तिच्या मागावर राहा.”