क्षणभर नापास

"अगं, क्षणभरच तर दिसतं!" साहेब वैतागले.

शाळेच्या निकालाचं पान उद्या सुरू व्हायचं होतं. सर्व्हरवरून मार्क येईपर्यंत निकालाचा चौकोन शून्य मार्क धरायचा आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे 'नापास' दाखवायचा. मार्क आले की मग खरा निकाल.

"नेट संथ असलं की तो क्षण लांबतो, सर. तोवर नुसतं 'निकाल येतोय' एवढंच दिसू दे. संध्याकाळपर्यंत करून देते," डेव्हलपर म्हणाली.

"उगाच राईचा पर्वत करू नकोस. आहे तसंच जाऊ दे."

दुपारी साहेबांनी रजा टाकायला ऑफिसचं पान उघडलं आणि ते धावतच तिच्या टेबलापाशी आले. तोंडचं पाणी पळालं होतं. "माझ्या नावापुढे 'कामावरून कमी केले' असं आलं! मग आपोआप गेलं. कुणी केलं हे?"

"मीच." तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "तुमची माहिती येईपर्यंत क्षणभरच तर दिसतं, सर. आता सांगा, आधी कुणाचं पान दुरुस्त करू? तुमचं, की पोरांचं?"