बुधरामी

"बुधरामी म्हणजे नेमकं काय?" नागपूरहून आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं आणि एकोडीच्या चावडीत हशा पिकला.

१९८२ साल होतं. प्राध्यापक बोलीतले शब्द गोळा करत गावोगाव फिरत होते. निवृत्त हेडमास्तर केशवरावांनी त्यांना सांगितलं की, कुठलीही विचित्र, बिनकामाची वस्तू म्हणजे बुधरामी. बुधराम तळ्यात मासे धरायचा, पण त्याचा जीव खिळ्यांत आणि मोडक्या सायकलींत. त्याने एकदा सायकलच्या चाकाचं काहीतरी बनवलं आणि गावाला एक शब्द फुकट मिळाला. बंद पडलेला रेडिओ बुधरामी, लग्नात न वाजणारा भोंगा बुधरामी, ग्रामपंचायतीचा पंप तर उद्घाटनापासूनच बुधरामी.

पण शब्दाचं मूळ इतकं साधं असणं केशवरावांना कमीपणाचं वाटलं. घसा खाकरून ते म्हणाले, "बुद्धी अधिक आराम. बुद्धी आरामाला गेली की जे तयार होतं, ते."

प्राध्यापकांनी ते कौतुकाने वहीत उतरवलं. बुधराम दाराशीच बसला होता. त्याला विचारावं असं कोणाला वाटलं नाही. तो मान खाली घालून नख कुरतडत राहिला.

त्याला शोधत आलेली त्याची बायको भागीरथा उंबऱ्यात थांबली होती. तीन वर्षांपूर्वी लकव्याने तिचा उजवा हात गेला. जाळं विणणं सुटलं तशी ती जेवेनाशी झाली. ते चाक तिच्यासाठी होतं. चाक जाळं ताणून धरायचं आणि ती डाव्या हाताने विणायची. गावात हे कोणी पाहिलं नव्हतं. हसायला पाहावं लागत नाही.

"गुरुजी बरोबर सांगून राहिले, साहेब," ती म्हणाली. "यायनं बुद्धी लावली, मले आराम भेटला. तसंच लिवा."

प्राध्यापकांनी पेन उचललं, केशवरावांकडे पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं. हेडमास्तरांची व्युत्पत्ती एका बाईच्या सांगण्यावरून खोडणं शास्त्रात बसत नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशवराव मागच्या गल्लीने बुधरामच्या अंगणात आले. त्यांची आई सीताबाई पडल्यापासून चार महिने खाटेवरच होती. कोणी पाहत नाही ना, याची त्यांनी खात्री केली. चाकाने ताणून धरलेलं जाळं भागीरथा डाव्या हाताने विणत होती, ते त्यांनी पाहिलं.

"बुधरामजी," ते हळूच म्हणाले, "माह्या मायसाठी एक बुधरामी बनवून देता का?"