निळी ओळ

करिश्माने लॅपटॉप सासऱ्यांसमोर फिरवला. "मामंजी, तुम्ही फसलात. उसाच्या बिलाची लिंक उघडली तुम्ही."

"मी म्हटलं, कारखान्याला सुचलं एकदाचं!" रामकिशन म्हणाले आणि सगळे हसले.

धाकटी सून नांदेडला सायबर सुरक्षेत एम.एस्सी. करत होती. घरच्यांना सांगून-विचारून प्रत्येकाला एक खोटा मेसेज पाठवायचा, तो कधी येणार हे मात्र सांगायचं नाही आणि कोण उघडतं ते बघायचं, असा तिचा प्रकल्प होता. तिचा नवरा हरिओम फुकटच्या रिचार्जवर गेला होता.

"आता वहिनीचं बघ," तो म्हणाला.

थोरली जाऊ शिल्पा दारातच उभी होती. "मी बी बीएस्सी हाय. मला काय फसवतीस गं?"

बोलता बोलताच तिला मंगळवारचा मेसेज आठवला. 'करिश्मा हरिओम यांचा एम.एस्सी. प्रवेश रद्द. आदेश पाहा.' खाली निळी ओळ. न्हाणीघरात जाऊन तिने ती दाबली होती. काहीच उघडेना म्हणून परत दाबली होती. कुणाला बोलली नव्हती. आज धाकटी येणार म्हणून पुरण मात्र तिनेच हौसेने घातलं होतं.

करिश्मा पडद्याकडे बघत राहिली.

"अक्का न्हाई फसल्या," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला.

स्वयंपाकघरात शिल्पाने विचारलं, "तसला मेसेज सगळ्यांनाच धाडलीस का?"

"न्हाई अक्का. ज्याला जे उघडू वाटतंय, त्याला तेच पाठवायचं. पहिला धडाच तो हाय आमचा." करिश्माने पोळीवर तूप सोडलं. "पुरण झ्याक झालंय."

पुढच्या महिन्यात एका दुपारी सासू हातात फोन घेऊन आली. साखराबाईंना वाचता येत नव्हतं.

"शिल्पे, धाकटीचा फोटो दिसून राहिला. काय पाठवलीय बघ की."

शिल्पाने कणकेचे हात न धुताच वाकून पाहिलं. वर धाकटीचाच नंबर होता. 'आत्या, निकाल लागला. मी कॉलेजात पहिली आले.' खाली निळी ओळ.

तिने ते दोनदा वाचलं.

"तसलं उघडायचं नसतंय, आत्या," ती म्हणाली. "खोटं असतंय."