चौथ्या गेटवरच्या आजी

सामना ऐन रंगात असताना उद्घोषकाच्या हातात चिठ्ठी आली. चौथ्या गेटवर एक आजी एकट्याच आल्या आहेत, अंगात राखाडी स्वेटर आहे, नाव सांगता येत नाही. त्याने ती तीनदा वाचून दाखवली. कुणीच पुढे आलं नाही, आणि तो राखाडी स्वेटर काही त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी माइक स्कोअररच्या हवाली करून तो धावतच जिने उतरला.

गेटवर त्याची आईच बसली होती, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. घर मैदानामागच्याच गल्लीत. त्याच्या बायकोचा जरा डोळा लागला असणार.

"आई, चल घरी."

तिने हात सोडवून घेतला. "तुम्ही कोण? मी नाही यायची. माझा मुलगा मघापासून स्पीकरवरून माझी चौकशी करतोय. तोच येईल मला न्यायला."

त्याने परोपरीने समजावलं, पण तिने फिरवलेली मान फिरवलेलीच राहिली. मग तो पुन्हा सगळे जिने चढून वर गेला आणि धापा टाकतच त्याने माइक ओढून घेतला.


"आई, मी बोलतोय. आता एक गृहस्थ तुला न्यायला येतील. चांगले आहेत, त्यांच्याबरोबर घरी जा."